तेलगळतीच्या पाण्यातले ओर्का: किनाऱ्यावरून नजर कशी ठेवायची

13 ऑगस्ट 2022 ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सॅन वान बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘ॲल्युशियन आइल’ ही 58 फुटी मासेमारी बोट बुडाली. बोटीवरची माणसं वाचली, पण टाक्यांमधलं डिझेल पाण्यात यायला लागलं. सुरुवातीचा अंदाज अडीच हजार गॅलनच्या आसपास डिझेल असावं असा होता, म्हणजे साधारण साडेनऊ हजार लिटर. बोट आधी शंभरेक फुटांवर टेकली, मग उतारावरून घसरत दोनशे फुटांच्याही खाली गेली. ती वर काढेपर्यंत सप्टेंबर उजाडला. हे घडलं हॅरो सामुद्रधुनीत. उन्हाळ्यात चिनूक सामन माशांच्या मागे येणारे ‘सदर्न रेसिडेंट’ ओर्का (किलर व्हेल) याच पाण्यातून ये-जा करतात, आणि जगात ते जेमतेम 73-74 उरले आहेत.

सिॲटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागात मराठी माणसं भरपूर आहेत आणि ओर्का बघायला सॅन वानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाईम किल्न दीपगृहापाशी जाणारीही कमी नाहीत. गळतीची बातमी आली की आपण काहीतरी करावं असं मनापासून वाटतं. करता येतंही, आणि त्यासाठी बोट लागत नाही. एक दुर्बीण, एक होकायंत्र, घड्याळ, वही आणि किनाऱ्यावरची चांगली जागा पुरते. मात्र नोंद कशी करायची ते नीट ठाऊक हवं, कारण त्या नोंदीवर पुढे कुणीतरी निर्णय घेणार असतं.

निर्णय कसला असतो?

गळती झाली की तटरक्षक दल, राज्याचं पर्यावरण खातं, नोआ ही केंद्रीय संस्था आणि स्थानिक प्रशासन मिळून एक संयुक्त नियंत्रण कक्ष उभा करतात. त्यात वन्यजीवांसाठी वेगळा गट असतो. या गटाचा प्रश्न एकच असतो: ओर्का तवंगात शिरणार आहेत का, आणि शिरणार असतील तर आपल्या हातात किती वेळ आहे? वेळ असेल तर त्यांना हाकलण्याची तयारी करता येते. त्यासाठी पथकं ‘ओइकोमी’ नळ्या वापरतात. साधारण आठ फुटांची धातूची नळी बोटीवरून पाण्यात सोडतात आणि तिच्यावर हातोडीने ठोके मारतात. अशा बोटी रांगेने उभ्या केल्या की आवाजाची भिंत तयार होते. 2022 मध्येही अशी पथकं तयार ठेवली होती. पण बोटी जागेवर न्यायला, रांग धरायला वेळ लागतो. म्हणून ‘ओर्का दिसले!’ एवढ्या निरोपाचा फारसा उपयोग नसतो. किती वाजता, कुठे, कोणत्या दिशेला, कोणत्या वेगाने, हे हवं असतं. खाली जे सांगतोय ते सगळं या चार उत्तरांसाठी आहे.

हाकलण्याचं काम प्रशिक्षित आणि परवानगी असलेल्या पथकांचंच. आपण डबे वाजवणं, कयाक घेऊन आडवं जाणं हे बेकायदा आहे. शिवाय घाबरलेली टोळी नेमकी तवंगाकडेच वळू शकते.

पहिली पायरी: धोका नेमका कशाचा ते समजून घ्या

डिझेल हलकं इंधन. पाण्यावर झपाट्याने पसरतं, बराचसा भाग उडून जातो, उरलेलं लाटांत मिसळतं. उघड्या पाण्यावर एकदाच सांडलेलं थोडं डिझेल दिवस-दोन दिवसांत दिसेनासं होतं. बुडालेल्या बोटीचं तसं नाही. तिच्यातून थोडं थोडं डिझेल येतच राहतं आणि तवंग रोज ताजा असतो. विषारी वाफा ताज्या तवंगावरच सर्वांत दाट असतात, आणि ओर्का श्वास घेतो तो नेमका त्या थरात, पाण्याच्या पृष्ठभागाला लागून. एका श्वासात तो फुप्फुसातली बहुतेक हवा बदलतो आणि मग ती हवा कोंडून खाली जातो. दात असलेल्या देवमाशांना वास घेण्याची क्षमता नसते, त्यामुळे डिझेलच्या वासाने ते आपणहून दूर राहतील ही आशा ठेवू नका. पक्ष्यांची पिसं तेलाने चिकटतात तसं ओर्काच्या गुळगुळीत कातडीचं होत नाही. त्यामुळे वरवर पाहता जनावर धडधाकट दिसतं, पण इजा आत फुप्फुसात झालेली असू शकते.

1989 च्या मार्चमध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ टँकर खडकावर चढला. ते कच्चं तेल होतं आणि प्रमाण प्रचंड, पण ओर्कांचं काय होतं याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तिथलाच आहे. आठवडाभरात ‘एबी’ टोळीचे फोटो काढले गेले तेव्हा सात ओर्का कमी भरले. वर्षभरात त्या टोळीने 33 टक्के आणि सस्तन प्राणी खाणाऱ्या ‘एटी1’ गटाने 41 टक्के सदस्य गमावले. हे कळू शकलं, कारण त्या टोळ्यांमधला एकेक ओर्का गळतीच्या आधीपासून फोटोंवरून ओळखीचा होता.

दुसरी पायरी: कोण आहेत ते ओळखा

हॅरो सामुद्रधुनी ज्याचा भाग आहे त्या सॅलिश समुद्रात प्रामुख्याने दोन प्रकारचे ओर्का दिसतात आणि त्यांचं वागणं इतकं वेगळं आहे की प्रकार कळला की पुढचा अंदाजच बदलतो. सदर्न रेसिडेंट मासे खातात. त्यांच्या जे, के आणि एल अशा तीन टोळ्या आहेत. ते मोठ्या समूहाने, बऱ्याचदा मैलभर पसरून चालतात आणि पाण्याखाली सतत बोलतात. दुसरे बिग्ज ओर्का. मायकेल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात फोटोंवरून ओर्का ओळखायची पद्धत बसवली, त्याचं हे नाव. ते सील, सी-लायन, पॉरपॉइज खातात. दोन ते सहाच्या गटात, गुपचूप, किनाऱ्याच्या खाचाखोचांतून फिरतात आणि जास्त वेळ पाण्याखाली राहतात.

दुर्बिणीतून दोन गोष्टी बघा. पाठीवरच्या पराचं टोक: रेसिडेंट मादीचं गोलसर, बिग्जचं टोकदार. आणि पराच्या मागे खोगिरासारखा करडा पट्टा असतो तो. त्यात बोटासारखी काळी रेघ आत शिरलेली दिसली, म्हणजे खोगीर ‘उघडं’ असलं, तर तो रेसिडेंट. बिग्जचं खोगीर अखंड करडं असतं. उलटं मात्र खरं नाही: अखंड खोगीर बऱ्याच रेसिडेंटांनाही असतं. मोठ्या नराचा पर सहा फुटांपर्यंत उंच, माणसाएवढा. मादीचा त्याच्या निम्मा. खात्री नसेल तर ‘प्रकार अनिश्चित’ लिहा. अशा नोंदीनेही काम होतं. चुकीची खात्री मात्र पथकाला भलतीकडे पाठवते.

तिसरी पायरी: जागा निवडा, आणि वाऱ्याचा विचार करा

उंचावरची, समोर मोकळं पाणी असलेली, सूर्य पाठीशी राहील अशी जागा हवी. सॅन वानचा पश्चिम किनारा सकाळी उत्तम. दुपारनंतर सूर्य समोर येतो, पाण्यावर चकाकी पसरते आणि तिच्यात पर हरवतात. अशा वेळी आपल्याला किती अंशांचा पट्टा दिसत नाही तेही वहीत लिहून ठेवा.

वारा तवंगाकडून तुमच्याकडे येत असेल आणि डिझेलचा वास जाणवत असेल तर जागा बदला. डोकं दुखायला लागेपर्यंत थांबू नका. प्रशासनाने बंद केलेल्या किनाऱ्यावर जाऊ नका. तेलाने माखलेला पक्षी किंवा सील दिसला तर हात न लावता कळवा.

पाण्यात उतरायचा मोह टाळाच. 1 जानेवारी 2025 पासून वॉशिंग्टनच्या पाण्यात सदर्न रेसिडेंटांपासून सर्व बोटींनी 1,000 यार्ड, म्हणजे सुमारे 914 मीटर, दूर राहायचं आहे. प्रकार ओळखता येत नसेल तर प्रत्येक ओर्काला रेसिडेंटच समजा. ड्रोनही उडवू नका. गळतीच्या ठिकाणी हेलिकॉप्टरं कमी उंचीवरून उडत असतात.

चौथी पायरी: जागा नक्की करणं

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण बहुतेक नोंदी इथेच फसतात.

दुर्बिणीतल्या आखलेल्या रेघांनी क्षितिजापासूनचं अंतर मोजून प्राण्याचं अंतर काढायची एक पद्धत आहे. खुल्या समुद्रावर ती चांगली चालते. हॅरो सामुद्रधुनीत मात्र समोर व्हँकुव्हर बेटाचा किनारा आडवा येतो. दिसते ती रेघ खऱ्या क्षितिजाची नसते, किनाऱ्याची असते, आणि गणित चुकतं. त्यापेक्षा दोन माणसांनी दोन जागांवरून दिशा घ्यावी. किनाऱ्यावर दोनेक किलोमीटर अंतर ठेवून उभे राहा, फोनवर एकमेकांशी बोलत राहा, आणि एकच ठळक प्राणी, शक्यतो उंच पराचा नर, पकडून ‘आता’ म्हणताच दोघांनी होकायंत्रावर अंश वाचा. नकाशावर दोन रेघा जिथे छेदतील तिथे प्राणी.

होकायंत्राची एक गोष्ट भारतातून आलेल्या माणसाच्या लक्षात सहज येत नाही. मुंबई-कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आतला फरक आहे, त्यामुळे तिथे कुणी दुरुस्ती करत बसत नाही. सॅन वान बेटांवर हा फरक सुमारे 15 अंश पूर्वेकडे आहे. तो विसरलात तर तीन किलोमीटरवरचा ओर्का नकाशावर 800 मीटर बाजूला जाऊन बसतो. फोनमधलं होकायंत्र खरी उत्तर दाखवतंय की चुंबकीय, हे सेटिंगमध्ये बघून नोंदीच्या वर लिहून टाका, आणि दोघांचं एकच ठेवा.

अक्षांश-रेखांशाची दुसरी खोच. लाईम किल्न दशांश पद्धतीत 48.516 उत्तर. तेच अंश आणि मिनिटांत 48 अंश 30.96 मिनिटं. बोटीवरची माणसं दुसरी पद्धत वापरतात, फोन पहिली दाखवतो. फोनवर ‘अठ्ठेचाळीस, पाच एक सहा’ एवढंच सांगितलं आणि समोरच्याने 48 अंश 51.6 मिनिटं लिहिलं, तर जागा 38 किलोमीटर उत्तरेला सरकते. म्हणून आकडे सांगताना पद्धत सांगा आणि सोबत ओळखीची खूण द्या: ‘दीपगृहाच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून अंदाजे एक किलोमीटर’. रेखांश पश्चिम आहे, तेव्हा 123 च्या आधी उणे चिन्ह लावायचं.

पाचवी पायरी: वेग, दिशा आणि मोजणी

एकाच नोंदीवरून दिशा ठरवू नका. शिकार करताना ओर्का गोल फिरतात, उलटे वळतात. किमान दोन, शक्य तर तीन जागा दहा-दहा मिनिटांच्या अंतराने घ्या आणि त्यांच्यातल्या अंतरावरून वेग काढा. निवांत प्रवास करणारी टोळी तीन-चार नॉटने चालते (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर). हा जमिनीच्या संदर्भातला वेग आहे, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ त्यात आलीच. आपल्याला तोच हवा.

मोजताना घाई होते. टोळी काही छोटे श्वास घेते आणि मग काही मिनिटं खाली जाते. एका फेरीत सगळे वर येतीलच असं नाही. तीन-चार फेऱ्या बघून ‘किमान, बहुधा, कमाल’ असे तीन आकडे लिहा. मोठे नर आणि पिल्लं वेगळी मोजा.

नोंद अशी दिसावी:

‘14:22. लाईम किल्न, डोळ्याची उंची अंदाजे 15 मीटर. दिशा 205 अंश, खरी उत्तर धरून. अंतर अंदाजे 1.5 किमी. किमान 5, बहुधा 7, कमाल 9. मोठे नर 2, पिल्लू 1, आईच्या उजव्या अंगाला. एका नराचं खोगीर उघडं, रेसिडेंट. उत्तरेकडे, संथ, सरळ. 14:33 ला दिशा 230 अंश. तवंग त्यांच्या आसपास दिसत नाही. वारा दक्षिणेचा, लाटांवर तुरळक पांढरे तुरे. चकाकी 240 ते 270.’

आणि दिसले नाहीत तरी नोंद करा. मला ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते आणि नेमकी हीच सगळे टाळतात. ‘13:00 ते 14:00, दोन निरीक्षक, दृश्यता चांगली, ओर्का नाहीत’ या ओळीमुळे नियंत्रण कक्षाला कळतं की तो पट्टा बघितला गेलाय. ही ओळ नसेल तर तिथे ओर्का नव्हते, की बघायला कुणी नव्हतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

सहावी पायरी: तवंग वाचा

तवंगाचा रंग म्हणजे त्याची जाडी. अगदी पातळ थर चंदेरी-करडा दिसतो, 0.04 ते 0.3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इंद्रधनुषी रंग 0.3 ते 5 मायक्रॉन. त्याहून जाड धातूसारखा चकाकतो. तेलाचा खरा रंग दिसायला लागतो तो 50 मायक्रॉनच्या पुढे. एक चौरस किलोमीटरवर एक मायक्रॉन थर म्हणजे हजार लिटर. म्हणजे एक किलोमीटर लांब, 200 मीटर रुंद इंद्रधनुषी पट्ट्यात किमान 60 लिटर, कमाल हजार. किनाऱ्यावरून तिरप्या नजरेने रंग फसवतात, तेव्हा ‘इंद्रधनुषी वाटतो’ असंच लिहा. शेवाळाचे पट्टे आणि परागकणही तवंगासारखे दिसतात.

तवंग सरकतो तो प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने, शिवाय वाऱ्याच्या सुमारे तीन टक्के वेगाने. हॅरोमध्ये भरती उत्तरेकडे ओढते, ओहोटी दक्षिणेकडे. समजा प्रवाह उत्तरेकडे दीड नॉट आणि दक्षिणेचा वारा 15 नॉट. तवंग जवळपास दोन नॉटने उत्तरेला निघाला. त्याच्या मागून, सहा सागरी मैलांवरून, टोळी चार नॉटने येतेय. अंतर ताशी दोन मैलांनी कमी होणार, म्हणजे हातात तीन तास. पण तासाभराने ओहोटी लागली तर तवंग उलटा फिरून एक नॉटने टोळीकडेच यायला लागतो. उरलेले चार मैल पाच नॉटच्या हिशेबाने 48 मिनिटांत संपतात. तीन तासांचे पावणेदोन झाले. म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक, आणि त्यातही प्रवाह उलटण्याची वेळ, वहीच्या पहिल्या पानावर हवी. ओहोटीत टोळीचाही वेग बदलतो, तेव्हा प्रवाह उलटला की वेग नव्याने मोजा.

अधिकृत भाकीत नियंत्रण कक्षाकडचं मॉडेलच देतं. आपलं गणित अशासाठी की कोणती नोंद तातडीने कळवायची आणि कोणती तासाभराने चालेल, हे कळावं.

सातवी पायरी: कानाने बघा

धुकं उतरलं किंवा रात्र झाली की डोळे संपतात. ऑर्कासाउंडच्या जाळ्यातले हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, कुणालाही घरबसल्या थेट ऐकता येतात. हेडफोन लावा. रेसिडेंट टोळ्यांच्या ठरावीक हाका आहेत. अभ्यासकांनी त्यांना क्रमांक दिलेत: जे टोळीत एस1 ठळक, केमध्ये एस16, एलमध्ये एस19. नमुने आधीच ऐकून ठेवा. ऐकू आलं की वेळ, हायड्रोफोनचं नाव आणि आवाज वाढतोय की विरतोय ते लिहा. एका हायड्रोफोनवरून दिशा कळत नाही. पण एकावर आवाज विरून पुढच्यावर सुरू झाला तर प्रवास कळतो. जहाजाचा घरघराट हाका झाकतो, आणि बिग्ज ओर्का तर शिकारीच्या वेळी तोंडच उघडत नाहीत. त्यामुळे ‘ऐकू आलं नाही’ याचा अर्थ ‘नाहीत’ असा कधीही धरू नका.

आठवी पायरी: कळवायचं कुणाला

तेल दिसलं तर अमेरिकेच्या नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला, 1-800-424-8802. ओर्का दिसले तर त्या घटनेसाठी नियंत्रण कक्षाने जाहीर केलेल्या मार्गाने. शिवाय ऑर्का नेटवर्क किंवा व्हेल अलर्ट ॲपवर, आणि कॅनडाच्या बाजूला असाल तर ओशन वाइजच्या व्हेलरिपोर्ट ॲपवर. आधी फोन, मग ॲप. सोशल मीडियावर ओर्कांचं त्या क्षणाचं ठिकाण टाकू नका. ते वाचून बोटी जमा होतात आणि त्यांच्या गोंगाटाने टोळी वळते. ऐकीव निरोप पुढे ढकलताना ‘मी पाहिलं नाही, अमुक वाजता ऐकलं’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर एकच टोळी तीन ठिकाणी तीन टोळ्या म्हणून नोंदली जाते.

नंतरचे महिने

तवंग गेला, बातम्या थांबल्या, तरी काम संपत नाही. जे ओर्का त्या पाण्यातून गेले असतील त्यांची नावनिशीवार हजेरी पुढे घेत राहावी लागते. सेंटर फॉर व्हेल रिसर्च 1976 पासून सदर्न रेसिडेंटांची अशी हजेरी ठेवतंय. तुमच्याकडे लांब लेन्स असेल तर कायदेशीर अंतरावरून किंवा किनाऱ्यावरून पराचा आणि खोगिराचा आडवा फोटो घ्या, डाव्या बाजूचा आधी. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी मिळवून ठेवा आणि मूळ फाइल न कापता-छाटता पाठवा. एखादा ओर्का एका दिवशी दिसला नाही म्हणून तो मेला असं होत नाही. त्याचं मातृकुळ वारंवार दिसूनही तो नसला तरच चिंता. मानेमागे खळगा पडलेला दिसला तर आवर्जून कळवा. चरबी कमी झाल्याचं ते लक्षण आहे.

कोकणात हे कितपत लागू पडतं?

आपल्या किनाऱ्यावर ओर्का क्वचितच दिसतात, पण गळती नवीन नाही. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा 3’ यांची टक्कर झाली, 2011 च्या ऑगस्टमध्ये ‘एमव्ही राक’ बुडालं. दोन्ही पावसाळ्यात, दोन्ही वेळा तेल किनाऱ्यापर्यंत आलं. सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कुबडवाले डॉल्फिन बारमाही राहतात. त्यांचं जग किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यापुरतं असल्यामुळे तवंग किनाऱ्याला लागला की त्यांना बगल द्यायला जागा कमी. भारतात तेलगळतीच्या कामाचा समन्वय तटरक्षक दलाकडे असतो, त्यांचा क्रमांक 1554. तवंग कुठे जाईल याचं भाकीत हैदराबादची इन्कॉइस देते. वरची जवळजवळ सगळी पद्धत इथे जशीच्या तशी चालते. कोकणात समोर किनारा नसतो, त्यामुळे दुर्बिणीतल्या रेघांची पद्धतही वापरता येते, आणि कड्यावरचे किल्ले त्यासाठी उत्तम जागा आहेत. पावसाळ्यात मात्र पाणी गढूळ, आभाळ भरलेलं, तवंगाचे रंग उमटतच नाहीत. तेव्हा रंगापेक्षा लाटा अचानक सपाट झालेला गुळगुळीत पट्टा शोधा, आणि डॉल्फिन दिसले तर त्या पट्ट्यापासून त्यांचं अंतर आधी लिहा, संख्या नंतर.